संस्थेच्या संकेतस्थळासाठी कोणता सर्व्हर? अपॅची, एन्जिनएक्स की कॅडी

मुखेड, कंधार, देगलूर, जळकोट, उदगीर या पट्ट्यातली अनेक मुले-मुली नांदेडला किंवा लातूरला संगणकशास्त्र शिकत आहेत. त्यातल्या काहींना आपल्या गावच्या अभ्यासिकेचे, विद्यार्थी गटाचे किंवा तरुण मंडळाचे संकेतस्थळ काढायचे असते. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : सर्व्हरवर टाकायचे काय? अपॅची, एन्जिनएक्स की कॅडी? तिन्ही फुकट, तिन्ही मुक्तस्रोत, तिन्ही एचटीटीपीएस देतात. मग फरक कुठे आहे? इंटरनेटवर शोधले तर बहुतेक वेळा वेगाचे तक्ते सापडतात, कोण सेकंदाला किती हजार विनंत्या पुरवतो याचे. ज्या संकेतस्थळावर दिवसाला दोनशे माणसे येणार, त्याला हे तक्ते घेऊन काय करायचे?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पहिला प्रश्न हा विचारावा, की आज जो मुलगा किंवा मुलगी सर्व्हर लावणार आहे, ती दोन वर्षांनी पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला गेली की हे यंत्र कोण सांभाळणार? वेग, लोकप्रियता, कुणाचा कोड किती सुबक, हे सगळे त्यानंतर.

हा प्रश्न आम्ही इतका ताणून का धरतो, ते समजून घ्या. आपल्याकडची संकेतस्थळे नुसती जयंतीचे फोटो लावण्यापुरती राहिलेली नाहीत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की कार्यकर्ते मुलांना अर्ज भरायला मदत करतात, आणि त्यासाठी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून गोळा होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव भागात पुराने हाहाकार उडवला. अशा वेळी मदतीच्या याद्या बनतात. त्यात घरातल्या माणसांची नावे, मोबाइल आणि खाते क्रमांक असतात. काही गट अत्याचाराच्या तक्रारींची नोंद ठेवतात. त्यात फिर्यादीचे नाव असते, साक्षीदारांची नावे असतात, गाव असते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले, आणि साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचे उपाय करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कायदा ज्याचे नाव झाकायला सांगतो, त्याचे नाव आपल्याच सर्व्हरवरून गावभर झाले तर त्या साक्षीदाराने कुणाच्या दारात जायचे?

शिवाय डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती गोळा करणाऱ्याने ती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. एवढा दंड एखाद्या अभ्यासिकेला कोणी लावणार नाही हे उघड आहे. पण 'आम्ही तर समाजसेवा करतो' हे सांगून जबाबदारीतून सुटता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता मुळाशी येऊ. वेब सर्व्हर म्हणजे भाड्याच्या यंत्रावर रात्रंदिवस चालणारा एक कारकून. फोनवरून विनंती आली की तो फाइल काढून देतो, किंवा अर्ज आला की पुढच्या प्रोग्रामकडे सरकवतो. एचटीटीपीएस असले की हा व्यवहार बंद पाकिटातून होतो. वाटेतल्या वायफायवाल्याला किंवा नेटवाल्याला पाकिटावरचे नाव दिसते, आतला मजकूर दिसत नाही. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळापुढे 'सुरक्षित नाही' असे लिहितो, त्यामुळे आता ही चैन राहिलेली नाही. मात्र पाकीट पोचल्यावर कारकुनाने ते टेबलावर उघडे टाकले, तर एचटीटीपीएस काहीही करू शकत नाही. फसवणुकीच्या संकेतस्थळांकडेही एचटीटीपीएस असतेच.

दोन सुरक्षित पर्यायांमधून एक निवडण्याचा हा पेच जुना आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवणे म्हणजे जवळपास शस्त्र निर्यात करण्यासारखे मानले जाई. त्यामुळे अपॅची सर्व्हरच्या मूळ गठ्ठ्यात एन्क्रिप्शन घालताच येत नव्हते. मग हे काम अमेरिकेबाहेरच्या लोकांनी केले. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एसएसएलिय नावाचा कोड लिहिला. ब्रिटनमधल्या बेन लॉरी यांनी १९९५ मध्ये तो अपॅचीला जोडून अपॅची-एसएसएल काढले. पुढे १९९८ मध्ये जर्मनीतल्या राल्फ एंगेलशाल यांनी त्यातूनच मॉड-एसएसएल ही दुसरी वाट काढली. पहिल्याचा भर थोडक्या, जपून लिहिलेल्या कोडवर होता. दुसऱ्यात सोयी जास्त होत्या, आणि कसे वापरायचे याची माहिती भरपूर व नीट लिहिलेली होती. सर्व्हर चालवणाऱ्यांनी कुठला घ्यावा यावर तेव्हा बरेच वाद झाले. २००० मध्ये निर्यातीचे नियम सैल झाले, आणि २००२ मध्ये अपॅचीची दुसरी मालिका आली ती मॉड-एसएसएल पोटात घेऊनच. अपॅची-एसएसएल हळूहळू विस्मरणात गेले.

आमच्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट माहितीपत्रकाची आहे. जे वापरायचे कसे हे साध्या भाषेत लिहून ठेवलेले असते, ते नवख्या माणसाच्या हाती टिकते. कोड कितीही शुद्ध असो, तो फक्त एकालाच कळत असेल तर संस्थेच्या दृष्टीने त्याची किंमत कमी.

त्याच एसएसएलियमधून डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएल सुरू झाले, आणि जगातल्या सर्व्हरांचा मोठा भाग त्याच्यावर उभा राहिला. 'कोड उघडा आहे, हजारो डोळे पाहतात, म्हणून तो सुरक्षित' असे आपण भाषणात ऐकतो. ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड उघड झाले आणि या समजुतीला तडा गेला. दोष अगदी साधा होता. दोन यंत्रे संपर्कात आहेत ना हे तपासायला एक यंत्र दुसऱ्याला म्हणते, 'हे शब्द मला परत पाठव, ते इतक्या लांबीचे आहेत.' समजा कोणी 'जय भीम' एवढेच पाठवले, पण लांबी चौसष्ट हजार सांगितली. सर्व्हरने मोजून पाहायला हवे होते. तो मोजत नव्हता. 'जय भीम' परत पाठवून तो पुढे स्मृतीत शेजारी जे काही पडले असेल ते चौसष्ट हजारांपर्यंत ओतत होता. त्यात कोणाचा पासवर्ड असेल, कोणाचा अर्ज असेल, कधी सर्व्हरची गुप्त किल्लीही असेल. हा दोष मार्च २०१२ पासून, म्हणजे दोन वर्षे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता. कॅनडाच्या महसूल खात्यातून याच भोकातून सुमारे ९०० करदात्यांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले.

त्यानंतर कळले ते जास्त गंभीर होते. सगळ्या जगाचा व्यवहार ज्यावर चालतो, त्या ओपनएसएसएलला वर्षाला देणग्या येत होत्या साधारण २,००० डॉलरच्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जवळपास एकच होता. विहिरीचे पाणी सगळा गाव पितो आणि गाळ काढायला एकच जण उतरतो, तशी ती गत. पुढे लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी उभा केला. ओपनबीएसडीच्या लोकांनी त्याच महिन्यात ओपनएसएसएलची प्रत घेऊन जुना कचरा उपसायला सुरुवात केली आणि लिबरएसएसएल काढले. गूगलने स्वतःपुरते बोरिंगएसएसएल काढले.

आता प्रश्न येतो की आपण यातले कुठले निवडायचे. आमचे उत्तर : निवडू नका. डेबियन किंवा उबुंटूसोबत जे ओपनएसएसएल येते तेच ठेवा, कारण त्याचे सुरक्षा अपडेट आपोआप येतात. स्वतः वेगळे लायब्ररी पॅकेज बांधून बसवले, की ते अपडेट करण्याची जबाबदारी तुमच्या डोक्यावर आली, आणि तुम्ही परीक्षेच्या गडबडीत असाल तेव्हाच नेमका दोष निघेल.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट अपॅचीची आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपॅची २.४.४९ या अगदी नव्या आवृत्तीत असा दोष सापडला, की पत्त्यात थोडी चलाखी केली तर सर्व्हर फोल्डरबाहेरच्या फाइलीही देऊ लागे. घाईने काढलेली २.४.५० ही दुरुस्ती अपुरी ठरली, काही दिवसांत २.४.५१ आली. ज्यांनी डेबियन-उबुंटूची जुनी दिसणारी आवृत्ती ठेवली होती त्यांना याचा त्रासच झाला नाही, कारण दोष २.४.४९ मध्येच शिरला होता. वितरणातल्या पॅकेजचा क्रमांक जुना दिसतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात मागून घातलेल्या असतात. 'अरे, तुझी आवृत्ती किती जुनी!' असे कोणी हिणवले तर दबू नका.

तिघांची ओळख

अपॅची सगळ्यात वडीलधारा. त्याची मालकी कुठल्या कंपनीकडे नाही. १९९९ पासून अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. बाजारातले स्वस्त होस्टिंग, ज्यात वर्डप्रेस एका बटणात बसते, ते बहुतेक अपॅचीवर किंवा त्याच्याच पद्धतीच्या सर्व्हरवर असते. तुमचे संकेतस्थळ तिथे असेल, सर्व्हर होस्टिंगवाला सांभाळत असेल, आणि प्रमाणपत्र आपोआप नवे होत असेल, तर कशालाही हात लावू नका. ज्याची देखभाल पगारी माणूस करतो आहे, ते उचलून स्वतःच्या अंगावर घेण्यात शौर्य नाही. अपॅचीचा दोष त्याच्या वयात आहे. त्याच्याकडे सेटिंग इतकी आहेत, की दहा जणांनी दहा वेळा हात लावलेली फाइल अकराव्याला कळत नाही. आणि जुन्या पद्धतीने पीएचपी जोडले तर छोट्या व्हीपीएसची स्मृती तो लवकर खातो.

एन्जिनएक्स २००४ मध्ये रशियातल्या इगोर सिसोयेव यांनी बाहेर आणला, एकाच वेळी हजारो जोडण्या थोड्या स्मृतीत सांभाळण्यासाठी. कामाला चोख. नोकरीच्या बाजारात त्याची माहिती असणे उपयोगाचे, त्यामुळे मुलांना तो शिकायचा असतो, आणि शिकावाही. त्याचा इतिहास मात्र खळबळीचा आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफ५ कंपनीने तो सुमारे ६७ कोटी डॉलरला विकत घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जुन्या मालकीच्या दाव्यावरून मॉस्कोतल्या त्याच्या कार्यालयावर पोलिसांची धाड पडली. पुढे जुन्या विकासकांपैकी काहींनी अँजी नावाने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रमुख विकासकांपैकी एक असलेले मॅक्सिम दूनिन यांनी सुरक्षा-दोष जाहीर करण्याच्या धोरणावरून कंपनीशी बिनसल्यावर फ्रीएन्जिनएक्स जाहीर केले. मालक बदलले, भांडणे झाली, तरी परवाना खुला असल्याने कोड कोणी हिरावून घेऊ शकले नाही. मुक्तस्रोताचा खरा फायदा हा आहे. फुकट मिळण्याचा फायदा त्याहून लहान. छोट्या संस्थेने मात्र या भांडणात बाजू घ्यायचे कारण नाही. एन्जिनएक्स वापरायचा तर वितरणात येतो तोच घ्यावा.

कॅडी सगळ्यात लहान. अमेरिकेतल्या मॅट होल्ट यांनी २०१५ मध्ये काढला. तो गो भाषेत लिहिलेला आहे आणि एन्क्रिप्शनसाठी ओपनएसएसएलऐवजी गोचेच कोठार वापरतो. गो भाषा स्मृतीच्या सीमा स्वतः तपासते, त्यामुळे हार्टब्लीडच्या जातीचा दोष तिथे शिरणे फार अवघड. त्याची खरी ओळख मात्र वेगळी. सेटिंगच्या फाइलमध्ये डोमेनचे नाव आणि फोल्डरचा पत्ता अशा दोन-तीन ओळी लिहिल्या, की तो स्वतः प्रमाणपत्र मागवतो, बसवतो, मुदत संपण्याआधी नवे आणतो. यात माणसाचा हात लागतच नाही. त्याच्याही कुंडलीत एक डाग आहे. २०१७ मध्ये तयार कॅडी डाउनलोड करून व्यवसायासाठी वापरणाऱ्यांकडून पैसे मागायचे ठरले, आणि फुकट प्रतीत प्रायोजकांची नावे सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत पाठवायला सुरुवात झाली. वापरणारे भडकले. नावे लगेच काढली, आणि २०१९ मध्ये तो पुन्हा सगळ्यांसाठी मोकळा झाला.

प्रमाणपत्राची मुदत

कॅडीकडे आमचा कल का, हे समजायला प्रमाणपत्राची गोष्ट पाहावी लागेल. प्रमाणपत्र म्हणजे 'हा सर्व्हर खरोखर याच नावाचा आहे' असा दाखला. पूर्वी तो विकत घ्यावा लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुले झाले आणि तो फुकट मिळू लागला, पण नव्वद दिवसांच्या मुदतीचा. आता सगळ्याच प्रमाणपत्रांची मुदत कमी होत चालली आहे. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. त्यात लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून 'मुदत संपत आली' असा आठवणीचा ईमेल पाठवणेही बंद केले आहे.

म्हणजे हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. मुदत चुकली की वाचकाच्या फोनवर धोक्याचा इशारा येतो. शहाणा माणूस परत जातो. ज्याला शिष्यवृत्तीचा अर्ज आजच भरायचा आहे तो इशारा ओलांडून पुढे जातो, आणि असे इशारे ओलांडायची सवय त्याला आपणच लावतो. उद्या बँकेच्या नावाने कोणी फसवले तर तो तिथेही पुढेच जाईल.

अपॅची आणि एन्जिनएक्ससाठी सर्टबॉट नावाचे साधन आहे, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे. ते चांगले आहे. अपॅचीत मॉड-एमडी नावाचा स्वतःचा भागही आहे, आणि एन्जिनएक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये अशी सोय चाचणीसाठी आणली. पण जितके तुकडे जास्त तितकी निखळण्याची ठिकाणे जास्त. एक नेहमीची चूक सांगतो. सर्टबॉट नवे प्रमाणपत्र आणून डिस्कवर ठेवतो, पण एन्जिनएक्सला ते पुन्हा वाचायला कोणी सांगत नाही. तो स्मृतीतले जुनेच दाखवत राहतो. सर्टबॉट एन्जिनएक्सच्या जोडणीने चालवले तर तो स्वतः सांगतो, वेगळ्या पद्धतीने चालवले तर ती आज्ञा तुम्हाला जोडावी लागते. दुसरी चूक म्हणजे 'आता एचटीटीपीएस आहे ना' म्हणून ८० क्रमांकाचे दार बंद करणे. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी त्याच दारातून येते.

तेव्हा आमचा सल्ला असा आहे. संकेतस्थळावर फक्त लेख आणि कार्यक्रमांची माहिती असेल तर व्हीपीएस घेऊच नका, साधे होस्टिंग पुरे. महिन्याला चार-पाचशे रुपयांचा व्हीपीएस घ्यावाच लागणार असेल, सर्व्हर नव्याने लागत असेल आणि सांभाळणारे विद्यार्थी असतील, तर कॅडी. गटात दोन जणांना एन्जिनएक्स नीट येत असेल तर एन्जिनएक्स. दोन हा आकडा आम्ही मुद्दाम लिहिला आहे. एकालाच येत असेल तर ते येत नाही असेच धरा.

एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना

हा भाग सावकाश वाचा. कागदपत्रे उघडी पडतात ती बहुधा इथे, हार्टब्लीडसारख्या भोकातून नव्हे.

अपॅचीत कोणत्याही फोल्डरमध्ये 'डॉट एचटीॲक्सेस' नावाची लपलेली फाइल ठेवून 'हा फोल्डर कोणाला दाखवू नको' असे सांगता येते. वर्डप्रेसची अनेक प्लगिन अर्जासोबत आलेल्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकतात आणि त्यावर अशी फाइल ठेवतात. एन्जिनएक्स ही फाइल वाचत नाही. कॅडीही वाचत नाही. कोणीतरी उत्साहाने सगळे संकेतस्थळ अपॅचीवरून एन्जिनएक्सवर हलवतो, मुखपृष्ठ छान उघडते, वेग वाढतो, सगळे टाळ्या वाजवतात. आणि त्याच क्षणी जातीच्या दाखल्यांचा फोल्डर जगाला खुला झालेला असतो. कुठेही चूक दाखवणारा संदेश येत नाही. एचटीटीपीएस तर असतेच.

उलट बाजूही आहे. डेबियन किंवा उबुंटूवर अपॅची जसा येतो तसाच ठेवला, तर ज्या फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइल नाही तिथल्या सगळ्या फाइलींची यादी तो पाहुण्याला दाखवतो. एन्जिनएक्स आणि कॅडी आपण सांगितल्याशिवाय अशी यादी दाखवत नाहीत. यादी दाखवणारी ती सोय अपॅचीत पहिल्याच दिवशी बंद करावी.

यावर खरा उपाय सर्व्हर बदलण्याचा नाही. कागदपत्रे सर्व्हर जगाला दाखवतो त्या फोल्डरच्या आत ठेवायचीच नाहीत. ती बाहेरच्या फोल्डरमध्ये जावीत, आणि लॉगिन केलेल्या कार्यकर्त्यालाच प्रोग्राममार्फत मिळावीत. अर्ज भरून झाला की स्कॅन पुसून टाकावा. 'पुढच्या वर्षी लागेल' म्हणून साठवलेला आधारचा फोटो हा पुढच्या वर्षीचा धोका असतो. साक्षीदारांची नावे तर संकेतस्थळाच्या सर्व्हरवर असण्याचे कारणच काय? ती वकिलाच्या फाइलीत असू द्या.

नावांबद्दल आणखी एक. जे जे प्रमाणपत्र निघते त्याची नोंद सार्वजनिक वह्यांमध्ये होते, कोणीही शोधून पाहू शकतो. ही चांगली व्यवस्था आहे, आणि तिची गरज आपल्याच देशात दिसली आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या काही डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती रद्द करावी लागली, आणि क्रोमने त्या भारतीय यंत्रणेचा विश्वास मोजक्या डोमेनांपुरता मर्यादित केला. या सार्वजनिक वह्या अशा गोष्टी पकडण्यासाठी आहेत. पण त्यामुळेच मुख्य डोमेनच्या पुढे 'तक्रारी' किंवा गावाचे नाव लावून उपडोमेन काढले आणि ते गुप्त राहील असे धरले, तर ते चुकीचे आहे. प्रमाणपत्र मिळताच ते नाव वहीत गेले.

१९२० मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. आपले माध्यम आपल्या हातात असावे, हा धडा आपल्याला कोणी शिकवायला नको. आज आपले बहुतेक लेखन परक्या समाजमाध्यमांच्या मर्जीवर आहे, म्हणून स्वतःचा सर्व्हर असावा असे वाटणे योग्यच. पण छापखाना चालवायचा तर खिळे जुळवणारा, शाई भरणारा आणि किल्ली सांभाळणारा, तिघे लागतात.

किल्ल्या कोणाकडे आहेत हे लिहून ठेवावे. डोमेन कोणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाचे पैसे कोणत्या खात्यातून जातात, होस्टिंगचे लॉगिन, सर्व्हरची किल्ली, बॅकअप कुठे आहे. डोमेन एखाद्या सदस्याच्या खाजगी ईमेलवर घेतलेले असेल तर आजच संस्थेच्या ईमेलवर आणा. सर्व्हरची किल्ली किमान दोन जणांकडे, प्रत्येकाची वेगळी, म्हणजे एक जण बाहेर पडला की त्याची काढता येते. मराठीत दोन पानी टिपण लिहा : सर्व्हर कसा सुरू करायचा, अपडेट आपोआप येतात का ते कसे पाहायचे, बॅकअप परत कसा चढवायचा. ते टिपण गटातल्या अशा मुलीला द्या जिने हा सर्व्हर कधी पाहिलेला नाही, आणि तिला एकटीला तो नव्याने उभा करायला सांगा. ती जिथे अडेल तिथे टिपण दुरुस्त करा. कॅडीच्या बाबतीत हे टिपण खरोखर दोन पानांत बसते, आणि आमची पसंती तिकडे जाण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे.

शेवटी फोनचा मुद्दा, कारण तो शहरातले लेख सांगत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांचे सध्याचे मूळ अँड्रॉइड ७.१.१ पासूनच्या फोनमध्येच असते. जुने मूळ ३० सप्टेंबर २०२१ ला संपले, आणि जुन्या फोनसाठी केलेली खास तजवीजही २०२४ मध्ये संपली. त्याआधीचे फोन अजून वस्त्यांवर वापरात आहेत. अशा फोनवर क्रोममध्ये संकेतस्थळ उघडणार नाही, आणि कोणता सर्व्हर निवडला याने त्यात फरक पडत नाही. फायरफॉक्स स्वतःची मुळांची यादी सोबत बाळगतो, त्यामुळे त्या फोनवर फायरफॉक्स बसत असेल तर काम होते. अर्जांची तारीख जाहीर करण्याआधी वस्तीवरचा एक जुना फोन मागून आणा आणि त्यावरून पूर्ण अर्ज भरून पाहा, फाइल जोडण्यापासून पोच मिळेपर्यंत.